मंगळावरच्या खानावळीचा शेवट

मी, केशोराव सुखराम टेंभरे, वय सदुसष्ट, धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, मुक्काम सौंदड, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. बीपीची गोळी सकाळीच घेतली. कोणी धाक दाखवलेला नाही, दारू पाजलेली नाही. शरीराचा भरवसा राहिला नाही, म्हणून माझ्यामागे काय कोणाचे ते सांगून ठेवतो.

कलम १. राहते घर पत्नी निर्मलाबाई हिचे, तिच्या हयातीपर्यंत. नंतर मुलगा ओमेश व मुलगी दुर्गेश्वरी यांचे, निम्मे-निम्मे. ओमेश नागपूरला असतो आणि दर सणाला येऊन घर विका म्हणतो. आईच्या हयातीत ते विकता येणार नाही, ही ओळ त्याने दोनदा वाचावी.

कलम २. नहराकडची दोन एकर धानाची बांधी वरीलप्रमाणेच. माझी लोखंडी शिडी पुतण्या जागेश्वर याने २००६ साली एका दिवसासाठी नेली. ती आता त्याचीच समजावी. मागून नेली होती एवढे मात्र त्याने विसरू नये.

कलम ३. दुकानातले मीटर, सोल्डरिंगचे सामान, जुने सुटे भाग दुर्गेश्वरीला. लग्नाआधी ती माझ्यापेक्षा साफ सोल्डर मारत होती. ओमेशला हत्यार दिले तर तो त्याने नारळ फोडेल.

कलम ४. आता खरी अडचण. दुकानाच्या कपाटात लाल पुठ्ठ्याची वही आहे. तिच्यावर ‘मंगळावरची खानावळ : प्रेक्षकांचे अभिप्राय’ असे लिहिले आहे. ही टीव्हीवरची विनोदी मालिका, २००० सालच्या जूनपासून दर रविवारी सकाळी लागायची. एक बाई मंगळावर खानावळ चालवते, आणि वाटीराम नावाचा यंत्रमानव वाढप्याचे काम करतो, एवढीच गोष्ट. पण माझ्या दुकानासमोर चाळीस-चाळीस माणसे बसत. भाग संपला की मी वही फिरवत असे. जमलेले अभिप्राय नकलून मुंबईला मालिकावाल्यांकडे पाठवत असे.

लोकांच्या डोक्याला काय म्हणावे! रामलाल पटले यांनी एकोणचाळीस भागांवर एकोणचाळीस वेळा ‘छान’ एवढेच लिहिले. गुलाबचंद गुरुजींनी मंगळावर वरण असे वाटीत पडणारच नाही, म्हणून चार पाने आकडेमोड केली. जमुनाबाईंचा अंगठा आणि मजकूर माझ्या हातचा: एवढी खानावळ, पण एकदाही भात शिजला नाही, ही कसली माणसे? यावर आम्हा सर्वांचे एकमत झाले. तेवढ्या एकाच गोष्टीवर झाले. एकोणिसाव्या भागात आपल्या भागातला माणूस दाखवला. तो ‘काऊन जी’ म्हणायचा, बादलीत पाय घालून पडायचा, आणि सगळे हसायचे. मी एकतीस सह्यांचे पत्र पाठवले. उत्तर नाही. आमची भाषा फक्त पडण्यापुरतीच आहे काय, हा प्रश्न मी मरतानाही मागे घेत नाही.

कलम ५. ही वही मी दुलीचंद रहांगडाले यास देतो. दुलीचंद अठरा वर्षे माझ्या दुकानात भागीदार होता. गेली बारा वर्षे तो रस्त्याच्या पलीकडे, माझ्या समोरच दुकान मांडून बसला आहे, आणि आम्ही एक शब्द बोललेलो नाही. ओमेशच्या लग्नाला तो आला नाही. त्याची आई वारली तेव्हा मी माझ्या पायरीवरून पाहत राहिलो, गेलो नाही. त्याचे कारण असे.

शेवटचा भाग मार्च २००१ मध्ये होता. दुलीचंद सासुरवाडीला अर्जुनी मोरगावला गेला होता. इकडे ऐन वेळी लाईट गेली. मी मेकॅनिक माणूस. ट्रॅक्टरची बॅटरी जोडून लहान टीव्ही चालू केला आणि लोकांनी वाहवा केली. गोष्टीत सगळी माणसे यानात बसून पृथ्वीवर निघाली, वाटीराम एकटा मागे राहिला आणि खानावळीचे दिवे मालवू लागला. तेवढ्यात बॅटरी उतरली. चित्राचा आकसून ठिपका झाला. पुढे भाग होता हे मला ठाऊक होते, कारण नावांची पाटी आलीच नव्हती. पण वाहवा झालेली होती. मी म्हणालो, संपली. लोक डोळे पुसत घरी गेले.

सोमवारी दुलीचंद आला आणि भर दुकानात सांगू लागला की यान परत फिरले, वाटीरामला घेतले, मग सगळे एका पंगतीला बसले. मी त्याला खोटारडा म्हणालो. चाळीस लोक माझ्या बाजूने झाले, कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्याला ‘पंगतवाला’ म्हणून चिडवू लागले. मी थांबवू शकत होतो. थांबवले नाही. त्याने आपले सोल्डरिंगचे सामान उचलले आणि गेला.

या दिवाळीला दुर्गेश्वरीने गोंदियाच्या घरी कॉम्प्युटरवर तो भाग लावून दिला. शेवटची चार मिनिटे मी पहिल्यांदा पाहिली. यान परत फिरते. पंगत बसते. दुलीचंद खरे बोलला होता.

सबब, दुलीचंद खोटारडा नव्हता, खोटे मी बोललो, हे माझ्या तेराव्याला सर्व जमलेल्यांसमोर मोठ्याने वाचावे.

हे कलम निर्मलाबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “मेल्यावर सांगसाल त त्याले काय फायदा? जिता आहा तवर तोंड नाही का तुमाले?”

तोंड आहे. रस्ता ओलांडायला पाय होत नाहीत. बारा वर्षे रोज त्याचे शटर उघडताना पाहिले. माणसाच्या हट्टाला काही औषध नाही, आणि माझ्या हट्टाला तर मुळीच नाही. मला या गोष्टीची लाज वाटते, हेही इथेच लिहून ठेवतो.

कलम ६. दोन साक्षीदार लागतात. रामलाल पटले येऊन बसले आहेत. जागेश्वर येणार होता, तो आला नाही. बहुतेक शिडीचे कलम त्याच्या कानावर गेले. निर्मलाबाई दुसरा कोणी आणायला गेली आहे. लवकर येते म्हणाली, आणि चप्पल न घालताच गेली.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : सौंदड
दिनांक : १७ नोव्हेंबर २०१३, रविवार

(सही) केशोराव सुखराम टेंभरे

साक्षीदार :

१) रामलाल पटले, सौंदड. (सही) छान.

२) दुलीचंद रहांगडाले, सौंदड. (सही) केशोभाऊ, वहिनीनं बोलावलं म्हणून आलो अन् सगळं वाचूनच सही करून राहिलो. ज्याले काही भेटते त्यानं साक्षीदार होऊ नये म्हणतात, म्हणून वही मले नको. आणखी एक. त्या दिवशी अर्जुनीलेही लाईट गेली होती. मी तो भाग पाहिलाच नाही. वाटीरामले एकटं सोडलं हे बसस्टँडवर कोणाच्या तरी तोंडून ऐकलं, ते मले सोसवलं नाही, म्हणून पंगत मी मनानंच बसवली. ते खरं निघालं, हे मले आज या कागदावरूनच समजलं.