सोसायटीची मासळी

भिसेगाव, ता. ८ जानेवारी १९४६

ती. आजीस सहदेवचा शि. सा. न. वि. वि.

धान्य मिळेना म्हणून घरोघर मासळी खावी, यासाठी आमच्या सोसायटीने तुझ्या खालापुरात दुकान काढलं. सेक्रेटरी अप्पांनी पत्रकं वाटली, भाषणही केलं. पनवेलहून ताजे बांगडे येतात. तरी सोमवार, गुरुवार, शनिवार, तिन्ही दिवस टोपली भरलेली परत. महिनाअखेर दुकान बंद आणि त्याचा कारकून म्हणून मीही घरी, असं अप्पा म्हणाले. गावाला झालंय काय, ते कळव. लोभात उणं पडू देऊ नकोस.

तुझा सहदेव

खालापूर, ता. ११ जानेवारी

चि. सहदेवास आशीर्वाद.

गावाला कायबी झालं नाय. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. माझ्या हातचं जेवून एवढा वाढलास, त्या वारी ताटात कधी काटा लागला रं तुला? अप्पांच्या घरी मासळी शिजतच नाय, त्यांना सगळे वार सारखे. तुला काय झालं होतं? दुकान बुधवारी लाव. पत्रकं चुलीत घाल. वाचतात बाप्ये, रांधतात बाया. ठकी सुईणीला मी सांगते. ती बाळंतिणीला खा म्हणेल ते सासूबी मुकाट वाढते. जिवाला जप.

आजी अंबाबाई

भिसेगाव, ता. २६ जानेवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

ते वार का धरले, हे अप्पांना विचारलं. त्या दिवशी पनवेलला मासळी स्वस्त मिळते म्हणाले. स्वस्त का, ते कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

दोन बुधवार टोपली तासाभरात रिकामी झाली. पण तपासणीचे साहेब जुन्या वारांचा कागद बघून गुरुवारी आले आणि दुकानात मासळी नाही, असा शेरा मारून गेले. येत्या बुधवारी कुलूप घालायला येणार. मी हिवतापाने अंथरुणात. माझ्या नोकरीचं आता कठीण दिसतं. माया असू दे.

सहदेव

खालापूर, ता. ३१ जानेवारी

चि. सहदेवास आशीर्वाद.

ताप उतरला का ते लिव. काल साहेब कुलूप घेऊन आले, तर दारात चाळीस बाया, कडेवर पोरं, हातात टोप. वाट सोडा म्हणाले. पुढं उभ्या सोनाबाईनं सांगितलं, कुलूप खुशाल घाला, मग आज आमच्या बाप्यांच्या ताटात काय वाढायचं, ते घरोघर येऊन तुम्हीच सांगा. ऊन चढलं. शेवटी साहेबांनी भिंतीला कागद टेकून लिहून दिलं, दुकान चालू, कारकून तोच.

तुझ्या जागी टोपलीपाशी मी बसले होते. मग मला म्हणाले, दोन बांगडे बांधा. मी म्हटलं, साहेब, मागं जा, रांग हाय. गेले बिचारे. पण त्यांची पाळी येईपर्यंत टोपली संपली.

तुझ्यावर जीव हाय, तो हायच.

आजी अंबाबाई