हौदाजवळचा दगड

शुक्रवार संध्याकाळ. उद्या महालक्ष्म्या.

मी भाजीला गेले तेवढ्यात, कन्नडहून सणाला आलेल्या थोरल्या जाऊबाईंनी हौदाजवळचा दगड ॲसिड टाकून तारेच्या ब्रशनं घासून काढला. त्यावरचं मखमली शेवाळ मी किती पावसाळे जपलं. उन्हाळ्यात वाळून करडं पडायचं, तरी खरवडू दिलं नाही. पाणी शिंपडत राहिले की परत हिरवं व्हायचं.

"लक्ष्म्या यायच्या अन् दारात शेवाळ? कोणी घसरलं म्हंजी?" म्हणे. घसरवतं ते नळाखालचं बुळबुळीत. दगडावरचं तर पायाला गालिच्यासारखं लागायचं. मागच्या सणाला त्यांचा हात धरून दोन्हींवर फिरवला होता मी. आता बुळबुळीत तसंच ठेवलंय आणि दगड पार सोललाय.

मी गप्प का बसले? सणाच्या तोंडावर भांडण नको म्हणून? दर वेळी मीच का?

आता आरास चाललीय. लक्ष्म्यांपुढं अंथरायला त्यांनी प्लास्टिकची हिरवळ आणलीय, कापायला मलाच बसवलं. कापून झाल्यावर म्हणाल्या, "उरलेला तुकडा त्या दगडावर टाक गं. लई उघडाबोडका दिसायलाय."