पुढचं दार

शनिवार, ऑक्टोबर २०२०. वुलनगाँग, ऑस्ट्रेलिया.

कोविडमुळे आमच्या गे बारने नियम काढलाय: आत यायचं पुढच्या दाराने, बाहेर पडायचं मागच्या. इतकी वर्षं सगळे मागच्या गल्लीतूनच आत शिरायचे, मीसुद्धा. आज मात्र मेन रोडवर, भर उजेडात, अंतर राखून रांगेत. पुढे म्हातारा कीथ, चक्क टाय लावून. म्हणाला, "मेट, हे दार मी आजवर आतूनच पाहिलंय."

आणि नेमक्या समोरच्या दुकानातून कुलकर्णी काकू बाहेर आल्या. माझ्यासाठी मुली बघणाऱ्या! पळावं का? पण रांग सोडली की नंबर गेला, आत मोजकीच माणसं घेतात.

"कसली रे लाइन?"

"गे बार आहे, काकू. मी नेहमी येतो इथे." बोलून गेलो खरा.

काकूंनी हातातली पिशवी खांद्यावर चढवली. मग म्हणाल्या, "मास्क नाकावर घे आधी. आणि त्या नागपूरच्या मुलीला मी 'नाही' म्हणून कळवते."

बारची मालकीण म्हणते, कोविड गेला तरी पुढचं दार उघडंच ठेवणार.

निघताना नियमाप्रमाणे मागच्या दाराने बाहेर पडलो. तीच गल्ली. आज मान खाली घालायची आठवणच झाली नाही.