बिलासपूरची बदली

गार्डन रीच, कोलकाता
४ मे

ती. निर्मलाआत्यास,
ऋताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की बाबांना सगळं कळतं. म्हणून हे पत्र. बारावीत गणितात मी शाळेत पहिली आले. आता मला इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं आहे. मागे आम्ही बालीगंजच्या बाजारात एक प्रोजेक्ट केला होता. इथे जावयांचा सण असतो, त्या आठवड्यात मासे इतके का महागतात आणि तरी लोक रांग लावून का घेतात, असा विषय होता. मासेवाले हसत होते, पण मला तेव्हापासून त्याचंच वेड लागलंय. तिथल्याच एका कॉलेजची प्रवेशपरीक्षा जूनमध्ये आहे.

पण बाबांची बदली बिलासपूरला झाली आहे. आई जाऊन वर्ष होत आलं. बाबा ऑफिसातून येतात आणि टीव्ही न लावताच त्याच्यासमोर बसून राहतात. मी इथे हॉस्टेलवर राहून शिकू का, असं विचारलं तर म्हणाले की तुला वाटेल तसं कर. रागावून नाही गं. दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल बोलावं तसं. मी काय करू? तुला खूप मिस करते.

तुझी,
ऋता

सातारा
१३ मे

चि. ऋतास अनेक आशीर्वाद.

गणितात पहिली आलीस, वाचून जीव सुखावला. पण ‘मिस करते’ काय गं? आठवण येते म्हण. तुझं मराठी कोलकात्याच्या हवेत पार विरघळत चाललंय.

आता नीट ऐक. गुरुदत्त माझ्याहून आठ वर्षांनी लहान. दुखलं-खुपलं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. सुधा होती तोवर ती त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायची. आता परक्या गावात, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तो एकटा राहिला तर मला घोर लागेल. इकॉनॉमिक्स बिलासपूरलाही शिकवत असतीलच. तू त्याच्याबरोबर जा, असं मला वाटतं. तुला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण तुझ्याशी गोड बोलून खोटं वागणं मला जमायचं नाही.

तब्येत सांभाळ. परीक्षा मात्र दे.

तुझी,
आत्या

गार्डन रीच, कोलकाता
१७ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा मला राग आला होता, म्हणून उत्तर दिलं नाही. आता तुझ्याखेरीज सांगायला कुणी नाही.

परवा माझी परीक्षा होती. मी तयार होऊन बाबांना सांगायला गेले, तर ते पलंगाच्या कडेला एक मोजा हातात घेऊन बसले होते. म्हणाले की मला उठताच येत नाहीये, आणि का ते कळत नाही. डॉक्टरांना बोलावते म्हटलं तर नको म्हणाले. त्यांनी माझा हात धरला. आत्या, तो हात मला सोडवेना. परीक्षेची वेळ टळून गेली. दुपारी ते जरा सावरले, तेव्हा परीक्षा आहे हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. संध्याकाळी एकदम आठवलं आणि पेपर कसा गेला विचारलं. मी चांगला गेला म्हणून सांगितलं.

तुझ्या मनासारखंच झालं. मी बिलासपूरला जाईन. पण बाबांना यातलं काही कळवू नकोस. तुला माझी शपथ.

तुझी,
ऋता

गार्डन रीच, कोलकाता
९ जुलै

ती. निर्मलाताईस,
गुरुदत्तचा सा. न.

तुझं पत्र वाचलं. मुलीची शपथ मोडताना तुला काय वाटलं असेल, ते तुझ्या अक्षरावरून दिसलं.

मी ऋताला विचारलं. आधी ती नाहीच म्हणाली, मग खूप रडली. सुधा गेली तेव्हाही ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. मला बरं नाहीये, ताई. हे मी तिच्यासमोर पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती मला रेल्वेच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत आणि दर आठवड्याला बोलायला बोलावलंय. बिलासपूरच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठीही देणार आहेत.

उत्तर कोलकात्यात एका कॉलेजात बारावीच्या गुणांवर इकॉनॉमिक्सला प्रवेश मिळतो. तिला हवं होतं ते कॉलेज नव्हे. यादीत नाव लागलं तेव्हा ती हसली, पण मनापासून नाही. तिचं पहिलं कॉलेज माझ्यामुळे गेलं आणि ते मला भरून देता येणार नाही. पण तिला मी बरोबर नेणार नाही. तिनं माझ्यासाठी पुन्हा काही सोडलं तर मी खरंच उठू शकणार नाही. तू काही दिवस बिलासपूरला येशील का? आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागतोय.

लोभ असू दे.

तुझा,
गुरुदत्त

उत्तर कोलकाता
११ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू शपथ मोडलीस म्हणून मी तुला महिनाभर पत्र लिहिलं नाही. अजूनही थोडी रागावलेली आहे. पण तू पुढच्या आठवड्यात बिलासपूरला जातेस, असं बाबा म्हणाले, तेव्हा हॉस्टेलच्या खोलीतल्या मुली बघत असताना मी उडीच मारली.

इथे वर्गात अजून ओळखी नाहीत. सगळं बंगालीत भराभर चालतं. बालीगंजवरून बस गेली की मी दुसरीकडे बघते. तेवढं जाईल हळूहळू.

काल हावड्याला बाबांना गाडीत बसवून दिलं. ते खिडकीतून नुसते बघत होते, मीही. गाडी दिसेनाशी झाली. फलाटावरच्या बाकावर बसून मी त्यांना फोन लावला. नीट जा, असंच मी म्हणणार होते. पण म्हटलं की बाबा, मला खूप भीती वाटते. मग ते म्हणाले की मलाही वाटते गं, फार वाटते.

आणि मग आत्या, बाबा बोलायला लागले. आईबद्दल, मोजा हातात घेऊन बसले होते त्या सकाळबद्दल, इतके दिवस काय काय वाटत होतं त्याबद्दल. खरगपूर येईपर्यंत बोलत होते.

लावतेस तसाच जीव लावत राहा.

तुझी,
ऋता