राणीची पायरी, शुक्रवार पेठ

रविवार, ५ जानेवारी
आज सोलापूर जिज्ञासा मंडळ स्थापन केलं. अध्यक्ष मी. सचिव प्रभुलिंग, शाळेपासूनचा दोस्त. त्याला मराठी टायपिंग येतं आणि उलट बोलण्याची सवय नाही.
दर रविवारी सकाळी पेठांमधून हेरिटेज वॉक. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये व्याख्यान. लोकांना हल्ली नुसता मोबाईल नको असतो, काहीतरी ऐकायचं असतं. ते सांगणारं माणूस गावात नव्हतं. आता आहे.
विमा कंपनीत हयातभर लोकांना पॉलिसी समजावल्या. इतिहास त्याहून सोपा. त्यात कोणी क्लेम मागायला येत नाही.
संकल्प: रोज सकाळी आवाजाचा रियाज. रोज इतिहासाची थोडी पानं. चिडायचं नाही.

बुधवार, १५ जानेवारी
गड्ड्याच्या जत्रेची गर्दी. धूळ. रियाज बंद, घशासाठी.
पुस्तक आणलंय. जाड आहे. शुक्रवार पेठेत जन्मलेल्या माणसाला शुक्रवार पेठेसाठी पुस्तकाची गरज काय, हाही एक प्रश्नच.

रविवार, २ फेब्रुवारी
पहिला वॉक. जबरदस्त यश. तपशील लिहून ठेवतो, पुढे मंडळाच्या स्मरणिकेला उपयोगी पडतील.
माणसं चांगली आली. जुळे सोलापूरकडचे प्राध्यापक, दोन डॉक्टरीणबाई, विजापूर रोडची काही जोडपी. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. सुरुवात उत्तम झाली. आमच्या गल्लीत शिरलो आणि टिपणांचे कागद सापडेनात. डाव्या खिशात होते, मी उजवीकडे शोधत होतो. याला घाबरणं म्हणत नाहीत.
तेवढ्यात एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा दगड कसला हो?
काशम्माच्या दारापुढचा. मोठा, काळा, मधोमध गुळगुळीत झालेला. सगळे माझ्याकडे बघत होते. अगदी सगळे. घसा कोरडा (धूळ). आणि मी म्हणालो, ही राणीची पायरी.
पुढचं आपोआप आलं. इथे एक राणी पालखीतून उतरली, या पायरीवर बसून पाणी प्याली आणि पेठेला आशीर्वाद देऊन गेली.  मग फोटोच फोटो.
काशम्मा दारात उभी राहून ऐकत होती. पंच्याहत्तरीची बाई, आमच्या आईची मैत्रीण. काही बोलली नाही. बहुतेक भारावली असावी.
हे खोटं नाही. तर्क आहे. इतिहासात तर्काला मोठा मान आहे.

सोमवार, ३ फेब्रुवारी
धनलक्ष्मीला फोटो दाखवले. ती म्हणाली, अहो, या दगडावर मी तुमच्या आईच्या गोधड्या आपटल्यात.
मी शांतपणे समजावलं, की वस्तूचा वापर बदलला म्हणून तिचा इतिहास बदलत नाही. ती स्वयंपाकघरात निघून गेली. पटलं असणार.

रविवार, १६ फेब्रुवारी
त्या वॉकमधल्या कोणीतरी रील टाकलं. आज गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. दगडावर हळदकुंकू, झेंडूची फुलं, एक नारळ. काशम्मानं दगड घासून लख्ख केलाय. कपडे आता गच्चीवर धुते.
राणीचं नाव काय, असं चारचौघांनी विचारलं. संशोधन चालू आहे म्हणालो. तोंडातून निघून गेलं, पण आता संशोधन सुरू करावंच लागेल. कुठल्या घराण्यातली ते आधी ठरवायचं. घाई नको.
पोटात जरा जळजळ. शेंगाचटणी कमी करणार.

सोमवार, २४ फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस.
सकाळी ड्रेनेजवाले साहेब आले. अजिनाथ नाव, तरुण इंजिनिअर, हातात नकाशा. म्हणे गल्लीतलं जुनं चेंबर उघडून लाईन साफ करायची आहे, चेंबर त्या दगडाच्या खाली आहे, दगड हलवावा लागेल. मागे जेसीबी फुरफुरत उभा.
अख्खी गल्ली बाहेर. बायका दगडाभोवती बसल्या. कोणीतरी ओरडलं, अध्यक्षांना बोलवा! मी दाढी करत होतो. तसाच गेलो.
गर्दीनं वाट दिली.  गालावरचा फेस पुसला. मी म्हणालो, राणीच्या पायरीला हात लावायचा असेल तर आधी आमच्या इतिहासावरून जेसीबी न्या. टाळ्या.
अजिनाथ साहेबांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, काका, बाकीच्या घरांचं पाणी मागच्या लाईनला जातं. या चेंबरला फक्त तुमचं घर जोडलंय. तुंबलं तर तुमच्याकडंच तुंबणार. मी सुनावलं, वारशापुढे माणसाची गैरसोय किरकोळ असते. त्यांनी ते वाक्य माझ्या सहीनिशी लिहून घेतलं. त्यांनाही आवडलं असावं.
प्रभुलिंग म्हणाला, मल्ल्या, आज तू मोठा झालास बे.

सोमवार, ३ मार्च
प्रभुलिंगानं मला न विचारता एक उद्योग केला. पुण्याच्या डॉ. अपेक्षा म्हणून कोणी बाई आहेत. जुने दगड, कोरीव काम, शिलालेख यांच्या अभ्यासक. त्यांना रील पाठवून मंडळाच्या व्याख्यानाला बोलावलं. त्या येताहेत. २३ मार्च, रविवार. सकाळी पायरी बघणार आणि संध्याकाळी हॉलमध्ये तिच्याविषयी बोलणार.
मी आनंद व्यक्त केला.
जेवण गेलं नाही.

गुरुवार, ६ मार्च
अपेक्षा मॅडमना आत्मीयतेची ईमेल. सोलापुरात मार्चमध्ये ऊन फार, आपण हिवाळ्यात यावं, हुरडाही मिळेल.
तासाभरात उत्तर. माझं माहेर तुमच्याच जिल्ह्यातलं, माढ्याचं, उन्हाची सवय आहे. तुमच्याकडचे पुरावे बघायला उत्सुक आहे.
पुरावे. हा शब्द एखाद्याला सहज कसा वापरता येतो?

बुधवार, १२ मार्च
पुस्तक उघडलं. प्रस्तावना वाचली. प्रस्तावनेत राणी नाही.
बीपी तपासलं. डॉक्टर म्हणाले कसलं टेन्शन आहे का? मी म्हणालो, टेन्शन घेणाऱ्यांपैकी मी नाही. त्यांनी गोळी बदलली.
काशम्मानं दगडाभोवती लोखंडी रेलिंग बसवून घेतलं. येणाऱ्याजाणाऱ्यांना राणीची हकीकत सांगत बसते. आज ऐकलं. माझ्या हकीकतीत राणी पाणी प्याली होती. हिच्या हकीकतीत तिनं भाकरी आणि शेंगाचटणीही खाल्ली. पाणी दिलं ते काशम्माच्या सासरच्या खापरपणजीनं. मी नम्रपणे म्हणालो, काशम्मा, एवढा तपशील आपल्याकडे नाही. ती म्हणाली, तुझ्याकडं नसंल की.

मंगळवार, १८ मार्च
मोरीतून वास. धनलक्ष्मी म्हणते पाणी खाली जात नाही. मी म्हणालो, तात्पुरतं आहे.
तिनं विचारलं, दगड कधी हलवणार? मी विषयाचं गांभीर्य सांगितलं. तिनं विचारलं, त्या बाई आल्यावर काय सांगणार? मी म्हणालो, वेळ आली की शब्द येतात.
म्हणाली, तेच तर झालंय.

शनिवार, २२ मार्च
पहाटे मोरी भरून पाणी न्हाणीघरात. तिथून पॅसेजमध्ये. काळं. पायपुसणं तरंगत होतं. आम्ही दोघांनी बादल्यांनी उपसून रस्त्यावर ओतलं. बाहेर भाविक उभे होते, त्यांनी नाकाला रुमाल लावले.
धनलक्ष्मीनं पाय धुतले आणि बॅग भरली. अक्कलकोटला बहिणीकडे जाते म्हणाली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली, म्हणजे काळजी. दारातून एवढंच म्हणाली, मोरी मोकळी झाली की फोन करा. राणीला विचारून करा.
एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेलो. बसमध्ये खिडकीपाशी बसली, पण बघत दुसरीकडे होती.
घरी येऊन विचार केला आणि एक धोरणात्मक निर्णय घेतला. उद्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर सत्य सांगून टाकायचं. दबावाखाली नव्हे, मोठ्या मनानं. लोक उलट आदरच करतील. सोमवारी दगड हलेल, मंगळवारी धनलक्ष्मी परत.
भाषण आरशासमोर म्हणून बघितलं. उत्कृष्ट.

रविवार, २३ मार्च
सकाळी अपेक्षा मॅडम आल्या. साधा सुती ड्रेस, पाठीला सॅक. दगडापाशी उकिडव्या बसल्या. हळदकुंकू हलक्या हातानं बाजूला केलं, टॉर्च तिरका धरून बराच वेळ बघत राहिल्या.  माझा शर्ट पाठीला चिकटला.
उठून मला विचारलं, आधार काय याला?
म्हणालो, मौखिक परंपरा.
कोणाच्या मुखातून?
तेवढ्यात प्रभुलिंग नाष्ट्याला चला म्हणाला. चांगला सचिव आहे.
संध्याकाळी हॉल खच्चून भरलेला. खिडक्यांतही माणसं. मॅडम चांगलं बोलल्या, हे मान्य करतो. जुना दगड कसा ओळखायचा, छिन्नीच्या खुणा कशा वाचायच्या, स्लाईडसह. शेवटी म्हणाल्या, इथल्या दगडावर मला राणीची कसलीही खूण दिसली नाही. मधली झीज पाण्यानं आणि आपटण्यानं झालेली दिसते. पण मंडळाकडे काही माहिती असेल तर अध्यक्षांनी सांगावी, मला आवडेल.
सगळी डोकी वळली.
मी उभा राहिलो. आरशासमोरचं भाषण आठवेना. पण सांगितलं. सगळं. राणीची गोष्ट मी पहिल्या वॉकला, एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा, तिथल्या तिथे बोललो, तिला काही आधार नाही. तो कपडे धुवायचा दगड आहे, माझ्या आईच्या गोधड्या त्यावर धुतल्यात. दगड हलवू द्या. माझी बायको घर सोडून गेली आहे.
शेवटचं वाक्य भाषणात नव्हतं.
टाळीची वाट बघत थांबलो. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. मग तिसऱ्या रांगेतून काशम्मा उठली. पदर खोचून. म्हणाली, हे पोरगं हाफ चड्डीत शेंबूड पुसत फिरत होतं, त्याला काय ठाव? माझ्या सासऱ्यानं मला सांगितलंय की. ह्यानं ते ऐकलं आणि सोताच्या नावावर खपवलं. आता गटारीपायी राणीला खोटी पाडायलाय.
हॉल दणाणला. इतक्या टाळ्या मला २४ फेब्रुवारीलाही पडल्या नव्हत्या. कोणीतरी म्हणालं, पुण्याच्या बाईंनी दबाव आणला. कोणी म्हणालं, ड्रेनेजवाल्यांनी फोडलं. मी काशम्माला म्हणालो, काशम्मा, तुझ्या सासऱ्यानं कधी सांगितलं? तुझी सासूच कपडे आपटायची तिथं! ती सरळ डोळ्यात बघून म्हणाली, सांग, हितं कुणाला खरं वाटतंय ते.
कोणालाच वाटत नव्हतं. प्रभुलिंगालाही. तो म्हणाला, मल्ल्या, तू थकलायस, बस खाली.
मॅडमना पुण्याच्या गाडीवर सोडायला मी एकटाच गेलो.  रिक्षातून उतरताना म्हणाल्या, पहिल्या दिवशी त्या डॉक्टरीणबाईंना ‘माहीत नाही’ म्हणाला असतात तर?
पुस्तकी माणसं. त्यांना वॉक चालवण्याचा अनुभव नसतो.

बुधवार, २६ मार्च
मंडळाची तातडीची सभा. मी अध्यक्षपदाचा त्याग केला. ठराव त्याआधीच टाईप झालेला होता, पण त्याग माझाच. नवे अध्यक्ष प्रभुलिंग. वॉकचं मार्गदर्शन काशम्मा करणार. मला सल्लागार करावं अशी सूचना आली, तिला अनुमोदन मिळालं नाही.
आता मोठ्या पातळीवर काम करायला मोकळा.
दुपारी ड्रेनेज ऑफिसला गेलो. अजिनाथ साहेबांनी आदरानं बसवलं, पाणी दिलं आणि माझ्या सहीचा कागद दाखवला. म्हणाले, काका, दगडावरून पेठेत आता लई वातावरण तापलंय. वरून सांगितलंय की हात लावू नका.
धनलक्ष्मीला फोन केला. मोरीचं विचारलं. काम प्रगतिपथावर आहे म्हणालो. तिनं फोन ठेवला. रेंज नसेल.

शनिवार, २९ मार्च
रोज सकाळी बादल्या. कंबर धरली. भाकरी जमत नाही, कडक भाकरी विकत आणून पाण्यात भिजवून खातो.
गल्लीत कोणी बोलत नाही.

रविवार, ६ एप्रिल
वॉक कसा चालतो याचं निरीक्षण करावं म्हणून दाराशी उभा राहिलो. सहभागी व्हायचा विचार नव्हता.
लातूरहून गाडी करून लोक आले होते. काशम्मा खुर्चीवर, हातात माईक. हकीकत पुष्कळ वाढली आहे. राणीला आता नाव आहे, घोडा आहे, एक धाकटी बहीणही आहे. प्रभुलिंग लोकांना सावलीत उभं करत होता. मला बघून त्यानं मान वळवली.
सांगून झाल्यावर काशम्मा म्हणाली, आणि ते समोरचं हिरव्या दाराचं घर बघा. त्या माणसानं भरसभेत राणीला खोटं म्हटलं. तवापास्नं गल्लीत फक्त त्याच्याच घरात पाणी शिरतंय. सगळी घरं कोरडी. त्याचंच भरतंय. बायकूबी ऱ्हाईना.
सगळे माझ्या घराचे फोटो काढू लागले. एक गृहस्थ म्हणाले, काका, थोडं बाजूला व्हाल का, दार पूर्ण येत नाहीये.
झालो.
मी सांगायला सुरुवात केली, की चेंबरला फक्त माझंच घर जोडलेलं आहे, इंजिनिअरनी नकाशा दाखवलाय. कोणी ऐकत नव्हतं. दोन बायका चपला काढून पुढे आल्या. वयस्कर, सभ्य. एकीनं हळू आवाजात विचारलं, दादा, पाणी कुठं येतंय, ते बघायला मिळेल का?
न्हाणीघराचं दार उघडलं. मोरी दाखवली. बादली मध्ये येत होती, ती उचलून धरली.
दोघींनी हात जोडले.