दगडी देवळाला रंग

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

योगेश बधत नाही! सख्खा भाऊ, पण चर्चच्या वडीलमंडळाच्या बैठकीत बसला की माझा कोणी लागत नाही. बाहेर पाटी ‘प्रेस्बिटेरियन चर्च’, पण सौंसरात आम्ही ख्रिस्ती घरं त्याला देऊळच म्हणतो. काळा दगड, छपराला सागवानी कैच्या, वर मातीचे कवेलू. शंभर वर्षं उभं आहे. योगेशला ते पाडून स्लॅबचा हॉल बांधायचाय. "कवेलू गळून राहिले, अन् तू इतिहास सांगून राहिली," म्हणे. रविवारी, तेवीसला, चर्चच्या सगळ्या मंडळींचं मतदान. त्याआधी वारसा इमारत म्हणून शिक्का मिळाला, तर कोणाला हात लावता येणार नाही. भोपाळला पुरातत्त्व खात्यात पुन्हा फोन केला.

५ नोव्हेंबर

भोपाळचे साहेब पाहायला येणार — चौदाला! आईची एकच काळजी, "एवढ्या दुरून येऊन रायले, जेवाले काय करू?" योगेशही ऐकत होता.

११ नोव्हेंबर

पांढुर्ण्याला शिक्षकांचं प्रशिक्षण, मावशीकडे मुक्काम. एका जागी बसवत नाही. समोरचे काय शिकवतात कोण जाणे, मी कागदावर देवळाच्या कमानी काढत बसते. आईचा फोन आला, "तू कायजी नको करू, आमी सारे लागलो." कशाला लागलो, ते विचारायचं राहिलं.

१३ नोव्हेंबर

उद्या! पहिल्या बसने निघते.

१४ नोव्हेंबर

देऊळ गुलाबी केलं. काळ्या दगडावर ऑइल पेंट, पायऱ्यांवर चकचकीत टाइल्स, आत चुन्याच्या गिलाव्यावर पुट्टी. बायाबापड्यासुद्धा शिडीवर चढल्या होत्या म्हणे. साहेबांनी फेरी मारली, मग हळूच विचारलं, "मैडम, इसमें पुराना क्या लिखूँ?" आईच्या कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या मात्र पोटभर खाल्ल्या.

ते गेल्यावर मी योगेशला नाही नाही ते बोलले. त्याच्या केसांतही रंग होता. म्हणाला, "पाहुना तुहा, म्हून केलं. त्याले काय मळके गोटे दाखवाचे होते? आपली इज्जत हाय का नाई?"

ज्याला देऊळ पाडायचंय, तो माझ्या पाहुण्यासाठी भिंती घासत होता. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? तरी रागावले आहेच. त्याच्याशी बोलत नाही.

१८ नोव्हेंबर

फोन आला. शिक्का नाही. मूळ रूप राहिलं नाही, म्हणाले. बरोबरच आहे. दोन वेळा अंगणात जाऊन आले, काय करायला गेले ते आठवेना. आता मतदानात कोण ऐकणार माझं?

२३ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर मतदान. मी मागच्या बाकावर, मान खाली घालून. सगळ्यांत आधी योगेशच उठला. संपलं, असं वाटलं. तो म्हणाला, "आत्ताच तं रंग मारला. रंगवलेलं घर कोनी पाडते काय?"

पाडायच्या बाजूने एकही हात वर गेला नाही.