नार्सिसाच्या कोळंबीचा दोष नव्हता

विल्मर,

मी सकाळच्या बसने नार्सिसाकडे, तिच्या माहेरी एस्मेराल्डासला निघाले आहे. भात आणि मसूर झाकून ठेवलेत, केळी तेवढी तळून घे.

काल माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एल्वियाबाई, खाण्यापिण्याचा यात काही दोष नाही. तुमची रोगप्रतिकारशक्तीच तुमच्या अंगावर उलटली आहे, म्हणून दोन वर्षं रोज गांधी उठताहेत." म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. आणि मी नार्सिसाच्या नारळाच्या रसातल्या कोळंबीला बोल लावला. "माझ्या ताटात काय कालवतेस गं, चेटकिणी?" असं म्हणून तुझ्या पोटुशी बायकोला घराबाहेर काढलं. पोर तिकडेच जन्मलं आणि आठव्या दिवशी गेलं. तेव्हाही आपण गेलो नाही.

मला तिची माफी मागायची आहे. तिने दार उघडलं नाही, तर मी पायरीवर बसून राहीन. तू इतक्यात येऊ नकोस.

ती घरातून गेल्यावरही माझ्या अंगावर गांधी उठतच होत्या, विल्मर. रोज संध्याकाळी तूच माझ्या पाठीला औषध लावत होतास. आपल्या दोघांनाही तेव्हाच कळलं होतं.

आई